परदेशातला आवाज, गावातला कागद

गोदाकाठावरून – सायखेडा



महिन्यापूर्वीची गोष्ट. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. कांद्याचा भाव, गोदावरीचे पाणी, पोरांच्या परीक्षा असे नेहमीचे विषय चालले होते. तेवढ्यात शेजारची मावशी हातात फोन धरून आली. तिचा मुलगा आखाती देशात वेल्डर आहे. फोनच्या काचेत त्याचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

मावशीच्या माहेरच्या वस्तीत वाद झाला होता. स्मशानाकडे जाणारी वाट तार ओढून बंद केलेली. विचारायला गेलेल्या मावशीच्या भावाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ. आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायांना निंदणी-खुरपणीला बोलावणे बंद. हे सगळे पोराला तिकडे कळले होते. तो म्हणत होता, "आई, तिथं एवढं होऊ राहिलं अन् मी इथं बसून काय करू? नोकरी सोडून येऊ का?"

मावशी म्हणाली, "येऊ नको बाबा. पैसे पाठव तेवढं. बाकीचं आम्ही बघू."

फोन बंद झाला. मावशी ओट्यावर टेकली आणि आम्हाला म्हणाली, "भाऊ, त्याला सांगितलं खरं. पण पैशानं वाट उघडती का?"

तिच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापैकी कोणापाशी नीट उत्तर नव्हते. घरापासून हजारो मैल दूर असलेला माणूस आपल्या गावच्या न्यायासाठी नेमके काय करू शकतो? आज आपल्या समाजाचे डॉक्टर, इंजिनीअर, परिचारिका, मिस्त्री, वेल्डर जगभर पसरले आहेत. तेव्हा हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही, तो घराघराचा आहे. म्हणून आजचे सदर त्यावरच.

हात गमावलेला गिरणी कामगार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगताना आयर्लंडचा देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचा दाखला दिला होता. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून आलेली आहे. त्याच छोट्या देशाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. परदेशी गेलेल्या आयरिश माणसांनी आपल्या मायभूमीसाठी काय केले, ती गोष्ट.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारचे, आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढे बेट. १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळांचे सारे पोट बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली. तेवढीच किंवा त्याहून जास्त माणसे जहाजात बसून अमेरिका-इंग्लंडला निघून गेली. देशात माणसे मरत होती तेव्हाही धान्य बंदरातून बाहेर जात होते. खंड थकला म्हणून कुळांची घरे पाडली जात होती.

असेच एक कुटुंब १८५० साली रस्त्यावर आले. त्यात चार वर्षांचा मायकेल डेव्हिट होता. इंग्लंडच्या लँकेशायर भागात तो कोवळ्या वयात कापडगिरणीत लागला आणि अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे राबली, त्यांना याहून जास्त सांगायला नको. हाच मुलगा मोठा होऊन १८७९ साली आयर्लंडमध्ये लँड लीग ही कुळांची संघटना काढतो. तिला पैसा आला तो मुख्यतः अमेरिकेतल्या आयरिश माणसांकडून. त्यात धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणी होत्या, गोदीतले हमाल होते. एकेकाची रक्कम लहान, पण देणारे हात हजारो. त्या पैशाने घराबाहेर काढलेल्या कुळांना आसरा मिळाला, त्यांचे खटले लढवले गेले आणि पुढे जमिनीचे कायदे बदलले.

याच लढ्यात १८८० साली एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी व्यवहार तोडला. त्याच्या शेतात कापणीला कोणी जाईना, दुकानदार माल देईना. त्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. बॉयकॉट हा शब्द तेव्हापासून जगभर झाला.

आपल्याला मात्र हा शब्द उलट्या बाजूने माहीत आहे. तिकडे तो दुबळ्यांचे हत्यार होता, इकडे तो बळवंतांचे. आपल्या आजा-पणजांवर तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले, ते काही उगाच नाही.

नाशिकचा सत्याग्रह, लंडनची परिषद

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातली किती घरे त्यात होती, हे वाडवडिलांकडून आपण ऐकत आलो आहोत. पण देवळाच्या दारातल्या काठ्या आणि दगडांच्या गोष्टी सांगताना मागे गावात काय झाले, ते आपण विसरतो. सत्याग्रहाचा राग गावोगावी निघाला. पोरांना शाळेतून काढले, रस्ते बंद केले, दुकानातून मीठ-मिरची देणे थांबवले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन हे दोघे अस्पृश्यांचे प्रतिनिधी. त्यांनी तिथे जे निवेदन दिले, त्यात मतदानाचा हक्क, नोकऱ्या, मंत्रिमंडळात प्रतिनिधित्व हे सारे होतेच. पण त्याबरोबर एक मागणी अशी होती की, सामाजिक बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवावा. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेब तिथे नुसते हुंदके देऊन बोलले नाहीत. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली होती. बाबासाहेब स्वतः तिचे सभासद होते. हक्क मागितला की गावात बहिष्काराचे हत्यार कसे उपसले जाते, हे त्या समितीच्या अहवालात नोंदले गेले होते. लंडनच्या टेबलावर त्यांनी तोच सरकारी कागद पुढे ठेवला. तो खोटा म्हणायची सोय कोणालाच नव्हती.

बाबासाहेब परदेशात स्थायिक झालेले नव्हते. पण परदेशातली जागा गावासाठी कशी वापरायची, याचा धडा त्यांनी घालून दिला. तोंड लंडनकडे असले तरी कान नाशिककडे होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांशी त्यांचा वर्षानुवर्षे चाललेला पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात आहे, तो जरूर वाचावा. १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनाही त्यांनी पत्र लिहिले. निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांनी मागवली. म्हणजे तिथेही आधी कागद मागितला!

लंडनमधल्या त्या मागणीला फळ यायला किती काळ गेला? सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, आणि तो अमलात आला जुलै २०१७ मध्ये. एकोणीसशे तीसची मागणी, दोन हजार सतराला अंमल. तीन पिढ्या गेल्या, पण कागदावरची मागणी मेली नाही.

जिनिव्हाचे दार

बाबासाहेबांच्या नंतर आपली माणसे पोटासाठी दूर गेली. पंजाबचे आंबेडकरी बांधव इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड या कारखान्यांच्या गावांत पोचले. महाराष्ट्रातले डॉक्टर-इंजिनीअर अमेरिका, कॅनडा, मलेशियाला गेले. दिवसभर भट्टीपुढे राबून रविवारी हीच माणसे भाड्याच्या खोलीत जमायची, वर्गणी काढायची, पत्रके छापायची.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत डॉक्टरकी करणारे लक्ष्मी बेरवा यांनी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगापुढे अस्पृश्यतेची साक्ष दिली. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांचे सहकारी ॲड. भगवान दास तिथे बोलले. टोरांटोच्या योगेश वऱ्हाडे यांनी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या दारात वर्षानुवर्षे लावून धरला. क्वालालंपूरला तेल उद्योगात काम करणारे इंजिनीअर राजू कांबळे यांनी आंबेडकर इंटरनॅशनल मिशन उभे केले. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला स्पष्ट सांगितले की, अनुसूचित जाती-जमातींचा प्रश्न या करारात येतो. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. तिथे जातीचा विषय निघू नये म्हणून आपल्या सरकारने जोर लावला, तरी आपल्या माणसांनी ढोल वाजवून तो जगाच्या कानावर घातला. पुढच्या वर्षी त्याच समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावाविषयी स्वतंत्र शिफारस काढली.

तेव्हा आपल्यावर एक आरोप झाला आणि आजही होतो. "घरची धुणी बाहेर का धुता? देशाची बदनामी का करता?"

याला उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाची तक्रार संयुक्त राष्ट्रांत कोणी नेली? हिंदुस्थानने! तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे गोरे सरकार म्हणत होते, हा आमचा घरचा मामला आहे. आपण म्हणालो, माणसाच्या अप्रतिष्ठेला घरचा मामला म्हणता येत नाही. मग तोच न्याय आमच्या वस्तीला का नको? बदनामी वाट अडवणाऱ्याने केली, वाट अडवली असे सांगणाऱ्याने नाही.

पुतळा आणि पंचनामा

परदेशातल्या बांधवांनी बाबासाहेबांच्या स्मृती जपल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास राहिले. ते घर विकायला निघाल्याचे पाहून तिथल्या आंबेडकरी-बौद्ध संघटनांच्या महासंघाने पाठपुरावा केला आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा १९ फुटांचा पुतळा उभा राहिला. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यात जन्मलेल्या राम सुतारांनी.

पण परदेशातल्या माणसाचे खरे बळ कुठे आहे, ते आयरिश लोकांनी दाखवले. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक म्हणून नोकरी नाकारली जात असे. अमेरिकेतल्या आयरिशांनी १९८४ साली नोकरीतल्या समान वागणुकीचे नऊ नियम पुढे आणले. शॉन मॅकब्राइड या नोबेल मानकऱ्याचे नाव त्यांना होते. 'आमच्या राज्याच्या पेन्शनचा पैसा तुमच्या कंपनीत आहे, तेव्हा हे नियम पाळा' असे कायदे त्यांनी अमेरिकेतल्या एकेका राज्यात करून घेतले. त्या दबावात १९८९ साली ब्रिटिश पार्लमेंटला नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध जास्त कडक कायदा करावा लागला. म्हणजे ते जिथे राहत होते, तिथला कायदा आणि तिथले मत त्यांनी घरच्यासाठी वापरले.

आपलीही माणसे याच वाटेने निघाली आहेत. कारण जातही विमानात बसून गेली! २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. इंग्लंडच्या पार्लमेंटने २०१३ साली समानतेच्या कायद्यात जात घालण्याचे बंधन सरकारवर टाकले, आणि २०१८ साली सरकारने ते करणार नाही असे जाहीर केले. काही मिळाले, काही हुकले. लढाई अशीच चालते.

आयरिशांच्या गोष्टीत एक काळी बाजूही आहे. १८४२ च्या सुमारास साठ हजारांवर आयरिश लोकांच्या सह्यांचे आवाहन अमेरिकेतल्या आयरिशांकडे गेले. त्यात ओकॉनेलचीही सही होती. गुलामगिरीविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभे राहा, एवढेच त्यात मागितले होते. बहुतेकांनी ते ऐकले नाही. घरच्यासाठी न्याय मागणारे हेच लोक शेजारच्या गुलामाकडे पाठ फिरवून बसले. आपल्या परदेशी मुलांना हे सांगितलेच पाहिजे. तिकडच्या कृष्णवर्णीयाला, तिकडच्या झाडूवाल्याला माणूस म्हणून वागवा, मगच वस्तीसाठी न्याय मागायला तोंड राहील.

मावशीची वही

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो. आधी आणखी एकच हकिगत.

१९७४ साली इंग्लंडमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यात निरपराध माणसांना, बहुतेक आयरिशांना, जन्मठेप झाली. एका खटल्यात चौघे, दुसऱ्यात सहा जण. इंग्लंडमधल्या आयरिश वस्त्यांनी, पाद्र्यांनी, काही इंग्रज खासदारांनी आणि पत्रकारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. चौघे १९८९ साली सुटले, सहा जण १९९१ साली. आणि शेवटी त्यांना सोडवले कशाने? पोलिसांच्या जुन्या नोंदींनी! कबुलीजबाब म्हणून दाखवलेले कागद मागाहून फिरवलेले आहेत, हे तपासात सिद्ध झाले. दूरचा आवाज कागद शोधायला लावू शकतो. पण कागदच नसेल, तर तो आवाज हवेत विरून जातो.

आपले दुखणे नेमके इथेच आहे. अन्याय होतो, चार दिवस वस्ती पेटते, फोनवर चित्रफिती फिरतात. तारीख कोणती, वेळ कोणती, कोण हजर होते, काय शब्द वापरले, हे कोणीच लिहून ठेवत नाही. मग जिनिव्हाला, लंडनला आपला माणूस काय घेऊन उभा राहणार?

म्हणून माझ्या माय-बहिणींनो, एवढे ध्यानात ठेवा. स्मशानाची वाट अडवणे आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, हे दोन्ही २६ जानेवारी २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हे आहेत. चारचौघांत जातीवरून अपमान हा तर आधीपासूनच गुन्हा आहे. फिर्याद नोंदली की तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. तपास उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत जायला हवे. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळण्याची तरतूद नियमांत आहे, तो अर्ज करून मागा.

आणि परदेशातल्या मुलांनो, तुमच्यातले सगळेच रस्त्यावर उतरू शकत नाहीत. लंडनचा नागरिक निदर्शने करेल. आखातातल्या वेल्डरने केली तर त्याची नोकरी जाईल आणि त्याला परत धाडतील. तसे कोणी करायला सांगत नाही. पण कागदांच्या प्रती जपून ठेवणे, इंग्रजीत नीट भाषांतर करणे, योग्य संघटनेकडे पोचवणे हे खोलीत बसूनही होते. त्याहून मोठे काम आणखी एक आहे. आपले खटले बहुधा कोर्टात पडत नाहीत, ते साक्षीदाराच्या चुलीपाशी पडतात. तारखेला गेले की दिवसाची मजुरी बुडते. सरकारी भत्ता येईपर्यंत चूल थांबत नाही. आणि समोरचा माणूस नेमका तेव्हाच कामाचे आमिष घेऊन दारात येतो. तेव्हा विहाराच्या कमानीसाठी जरूर पाठवा, पण तारखेच्या दिवशी साक्षीदाराची मजुरीही पाठवा. आयरिश मोलकरणीने दिलेल्या डॉलरची किंमत हीच होती.

हे सारे मावशीला सांगितले. ती अंगठेबहाद्दर, पण तिची नात आठवीत आहे. नातीने शंभर पानी वही घेतली. आजीला घेऊन ती वस्तीत गेली आणि कोणत्या दिवशी वाट बंद झाली, कोणत्या दिवसापासून कामाला बोलावले नाही, कोण काय म्हणाले, हे एकेका बाईला विचारून तारखेवार लिहिले. त्या वहीवरून फिर्याद तयार झाली, ती नोंदली गेली आणि तिची प्रत मावशीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. दुसरी प्रत समुद्रापलीकडे पोराच्या फोनमध्ये आहे. पहिल्या तारखेला ज्या दोन बाया जातील, त्यांची मजुरी त्याने आताच आईकडे पाठवून ठेवली आहे.

वाट अजून उघडलेली नाही. पण परवा तोच मुलगा फोनवर म्हणाला, "आई, पुढच्या पानावर काय लिहिलं ते वाचून दाखव." आणि ओट्यावर बसलेले आम्ही सगळे गप्प बसून नातीचे वाचन ऐकत राहिलो.

जयभीम!